वऱ्हाडात मूठभर धान्यावर कॅम्पस उभं करणारे पंजाबराव देशमुख

एक्झिक्युटिव्ह एज्युकेशन हा शब्द तुम्ही लिंक्डइनवर वाचला असेल. नोकरी-धंद्यात पाच-दहा वर्षं काढलेली माणसं काही दिवस कॅम्पसवर जातात, हॉस्टेलला राहतात, मेसमध्ये जेवतात आणि केस स्टडी सोडवतात. आयआयएममध्ये असे कोर्स चालतात. विदर्भात नागपूरलाही २०१५ पासून आयआयएम आहे.

पण वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात कामरगाव म्हणून गाव आहे. तिथल्या सोयाबीन-तूर पिकवणाऱ्या घरातल्या पोराला कॅम्पस म्हटलं की आधी दुसरेच प्रश्न पडतात. राहायचं कुठं, खायचं काय आणि पैसे कोण भरणार?

हेच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका माणसाने सोडवायला घेतले. ते म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, विदर्भाचे भाऊसाहेब. त्यांची सगळी गोष्टच मॅनेजमेंटची केस स्टडी म्हणून वाचता येते.

तर भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा. गाव पापळ, जिल्हा अमरावती. घरचं मूळ आडनाव कदम, वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. गावात शिक्षणाची पुढची सोय नव्हती, म्हणून पोरगा शाळेसाठी गावोगाव फिरला. चांदूर रेल्वे झालं, मग कामरगावच्या शेजारचं कारंजा लाड झालं, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल. तिथून पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज.

१९२० मध्ये ते परदेशी शिकायला निघाले. वडिलांनी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला. पंजाबरावांनी एडिंबरोहून एमए केलं, ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट घेतली आणि बॅरिस्टरही झाले.

एवढ्या पदव्या घेतलेला माणूस मुंबईत बसून वकिलीवर बक्कळ कमावू शकला असता. पंजाबराव अमरावतीला आले.

इथे त्यांनी पहिली गोष्ट ओळखली ती ही, की अडचण नेमकी कुठे आहे. अमरावतीत शाळा होत्या, शिक्षक होते. तरी खेड्यातली पोरं शिकत नव्हती, कारण शहरात त्यांना राहायला छप्पर नव्हतं आणि दोन वेळचं जेवण नव्हतं. म्हणून त्यांनी सुरुवात वर्गापासून केली नाही, वसतिगृहापासून केली. स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटीलही याच दशकात वसतिगृहाच्याच वाटेने निघाले होते.

आता प्रश्न पैशाचा. पंजाबरावांनी मुष्टिफंड उभारला. म्हणजे काय, तर घरोघरी रोजच्या धान्यातलं मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते गोळा करून वसतिगृहाची चूल पेटवायची. एकट्या मोठ्या देणगीदाराचं मन फिरलं तर संस्था बंद पडते. हजार घरांतून मूठ-मूठ आली तर एक घर गळालं तरी चूल चालू राहते. शिवाय मूठ देणाऱ्या बाईला ते वसतिगृह आपलं वाटतं, आणि उद्या तिचा पोरगाही तिथे जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट, दार कोणासाठी उघडायचं. पंजाबरावांचं उत्तर होतं, सगळ्यांसाठी. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत ते पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय लग्न केलं. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या.

१९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला तडजोडीची वाट देणारा १९३३ चा कर्ज लवाद कायदा त्यांच्या खटपटीचा. स्वतःच्या शिक्षणासाठी घरची जमीन गहाण पडलेल्या माणसाला हा विषय वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती.

मधल्या काळात, १९३२ मध्ये, अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. आधी वसतिगृह आणि मग संस्था, असा हा क्रम. आज या संस्थेची शाळा, वसतिगृहं, कला-विज्ञान, कृषी, विधी आणि वैद्यकीय महाविद्यालयं विदर्भभर आहेत. १९६१ मध्ये दिल्लीत शिवाजी कॉलेजही त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालं.

पण आपण सुरुवात केली होती ती नोकरी-धंदा करता करता शिकणाऱ्यांपासून. त्यांचं काय?

स्वातंत्र्यानंतर पंजाबराव संविधान सभेत होते, आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री. तिथे त्यांचा विद्यार्थी बदलला. आता समोर पोरगा नव्हता, त्याचा बाप होता. त्याच्याकडे शेत होतं, बैल होते, अनुभव होता, पण शाळेत जायला वेळ नव्हता. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज काढला. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रचार केला. आणि डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाच्या वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. देशोदेशीची यंत्रं आणि शेतीच्या पद्धती शेतकऱ्याने डोळ्याने बघाव्यात, हात लावून बघाव्यात आणि घरी जाऊन आपल्या शेताचा हिशोब पुन्हा मांडावा, हा त्यामागचा विचार.

काम करणाऱ्या माणसाला थोड्या दिवसांसाठी कामातून बाहेर काढून नवीन दाखवायचं आणि परत कामावर पाठवायचं. एक्झिक्युटिव्ह एज्युकेशन तरी यापेक्षा वेगळं काय असतं? फरक एवढाच, की इथे एक्झिक्युटिव्ह धोतर नेसलेला होता. बियाणं, मजुरी, कर्ज, पाऊस आणि बाजारभाव एकाच वेळी सांभाळणारा शेतकरी हा मॅनेजरच आहे, हे पंजाबरावांनी धरून चाललं होतं.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये अकोल्यात त्यांच्या नावाने कृषी विद्यापीठ सुरू झालं. आजही तिथल्या शिवारफेरीला विदर्भातले शेतकरी येतात, पिकाच्या ओळींमधून चालतात आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात.

आज कॅम्पसचं माहितीपत्रक हातात आलं की आपण आधी रँकिंग आणि पॅकेज बघतो. भाऊसाहेबांनी आधी बघितलं होतं ते हे, की जो येऊ शकत नाही तो नेमका कशामुळे अडलाय. कामरगावातून पुण्या-नागपूरला निघालेल्या पोरांचं घोडं आजही बहुतेक वेळा तिथेच अडतं, हॉस्टेलच्या डिपॉझिटपाशी आणि मेसच्या बिलापाशी.