बर्टा बेंझ

आज मोटार वाटेत बंद पडली, तर जवळपास कोठे तरी कारागीर भेटतो. परंतु १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील एका रस्त्यावर जी मोटार बंद पडली, तिच्यासाठी असा कारागीर जगात कोठेच नव्हता. मोटार हे वाहनच मुळी तेव्हा नवे होते. ती दुरुस्त करावयाची होती, ती तिच्यात बसलेल्या बाईंनीच. त्या बाईंचे नाव बर्टा बेंझ.

बर्टाबाईंचा जन्म ३ मे १८४९ रोजी फोर्त्सहाइम या गावी झाला. वडील सुतारकामाच्या व्यवसायात संपन्न झालेले गृहस्थ होते. पुन्हा मुलगीच झाली, याची खंत त्यांनी घरच्या धर्मग्रंथात नोंदवून ठेवली होती. बर्टेला यंत्रांची गोडी होती. पण त्या काळी जर्मनीतील विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. पुढे कार्ल बेंझ या निर्धन तंत्रज्ञाशी तिचा विवाह ठरला. त्याचा कारखाना बुडण्याच्या बेतात होता. तेव्हा तिने आपल्या विवाहाचे धन लग्नापूर्वीच वडिलांकडून मागून घेतले व ते कारखान्यात घातले. १८७२ साली त्यांचा विवाह झाला.

१८८६ साली कार्लला तीनचाकी मोटारीचे एकस्व मिळाले. तरीही ती कोणी विकत घेईना. घोड्यावाचून चालणाऱ्या गाडीवर लोकांचा विश्वास बसेना. कार्लचाही धीर खचू लागला. बर्टाबाईंचे सारे धन त्या गाडीत गुंतलेले होते; गाडी दूरवर जाऊ शकते हे लोकांना दिसल्यावाचून गत्यंतर नव्हते. एके दिवशी पहाटे पती निद्रिस्त असतानाच त्यांनी ऑयगेन व रिखार्ड या दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या माहेरची वाट धरली. थोरला मुलगा १५ वर्षांचा होता, धाकटा १३ वर्षांचा.

असे इंजिन थांबले, म्हणजे प्रथम दोन गोष्टी पाहाव्या लागतात. इंधन पोहोचते आहे काय? आणि ठिणगी पडते आहे काय? बर्टाबाईंच्या गाडीत वाटेत हे दोन्ही दोष उद्भवले. इंधनाची नळी कचऱ्याने तुंबली, तेव्हा त्यांनी टोपीत खोचलेली लांब टाचणी काढली आणि नळी मोकळी केली. ठिणगीचा दोष अधिक फसवा. विजेचा प्रवाह तारेतून ठिणगीच्या जागी जातो. तारेवरचे आवरण घासून गेले आणि उघडी तार गाडीच्या लोखंडाला लागली, की वीज त्या जवळच्या वाटेने निघून जाते. मग इंधन भरपूर असूनही इंजिन मुके राहते. अशी झिजलेली तार बर्टाबाईंच्या नजरेतून सुटली नाही. आता तारेभोवती गुंडाळावयाचे काय? मोजे घसरू नयेत म्हणून पायाला बांधलेला लवचिक पट्टा त्यांनी सोडला व त्याचेच आवरण तारेला केले. गाडी पुन्हा चालू झाली.

इंधन संपले, तेव्हा वीसलोख येथील औषधांच्या दुकानातून त्यांनी लिग्रॉइन घेतले. कपड्यांचे डाग काढण्यासाठी विकले जाणारे हे द्रव्यच त्या गाडीचे इंधन होते. साखळी लोहाराने नीट केली. गतिरोधकाचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर मात्र गाडी ढकलावी लागली. मुलांना त्या दिवशी श्रम काही थोडे पडले नसतील!

सायंकाळी फोर्त्सहाइमला पोहोचताच त्यांनी पतीला तार केली. काही दिवसांनी त्या त्याच गाडीने परतल्या. वाटेतील प्रत्येक अडचण कार्लने ऐकून घेतली आणि चढ चढण्यासाठी गाडीला आणखी एक गिअर बसविला. पुढे गाड्यांना गिऱ्हाइके मिळू लागली.

कार्ल १९२९ साली निवर्तले. ज्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयात ते शिकले होते, त्या संस्थेने ३ मे १९४४ रोजी, बर्टाबाईंच्या ९५ व्या वाढदिवशी, त्यांना सन्माननीय सभासदत्व अर्पण केले. त्यानंतर दोनच दिवसांनी लाडेनबुर्ग येथील आपल्या घरी त्यांचे देहावसान झाले.