फ्रँक सॉयर
फ्रँक सॉयर (१९०६ – १९८०) हे इंग्लंडमधील नदीरक्षक, गळाने मासेमारी करणारे निष्णात शिकारी व लेखक होते. ट्राउट माशासाठी त्यांनी तयार केलेली ‘फेझंट टेल निम्फ’ ही कृत्रिम माशी आजही जगभर वापरली जाते.

जीवन
विल्टशायरमधील बुलफर्ड येथे एव्हन नदीच्या काठी सॉयर यांचा जन्म झाला. १९२८ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मत्स्यशिकार संस्थेने त्यांना नेदरएव्हन येथे नदीरक्षक नेमले. तळाचा गाळ काढून ट्राउटला अंडी घालण्यासाठी खडी मोकळी करणे, ही त्यांची रोजची कामे. विद्यापीठात ते कधी गेले नाहीत. पाण्यातील कीटकांचे त्यांचे ज्ञान मात्र अनेक वर्षांच्या निरीक्षणातून आलेले होते.

फेझंट टेल निम्फ
दक्षिण इंग्लंडमधील खडूच्या प्रदेशातील नद्यांवर तेव्हा फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या मताचा पगडा होता. माशी पाण्यावर तरंगणारीच हवी, असा तेथील दंडक. जी. ई. एम. स्क्यूज यांनी पाण्याखालच्या निम्फचा, म्हणजे कीटकाच्या अप्रौढ अवस्थेचा पुरस्कार केल्याने मोठा वाद झाला होता. ट्राउटचे बरेचसे खाणे पाण्याखालीच होते, हे पाहिल्यास त्या वादाचे आज नवल वाटते. स्क्यूज यांचे निम्फ पृष्ठभागालगत राहत. सॉयर यांना ते खोल न्यायचे होते.

त्यासाठी त्यांनी रेशमी धागाच वगळला व बारीक तांब्याची तार घेतली. प्रथम गळावर तार गुंडाळून छातीच्या जागी उंचवटा करतात. नंतर फेझंट नराच्या शेपटीच्या पिसाचे चार तंतू, त्यांची टोके शेपटीसारखी मागे राहतील अशा बेताने बांधतात. तंतू व तार एकत्र पिळून गळाच्या नेढ्यापर्यंत गुंडाळतात. मग दोन्ही सुटे करून तंतू छातीवर मागेपुढे दुमडतात व तारेने पक्के करतात. तारच धागा, तीच वजन आणि तीच रंगाची झाक. पाय दाखवीत नाहीत, कारण पोहताना निम्फ पाय अंगाशी घट्ट धरतो, हे सॉयर यांनी पाहिले होते. निम्फ माशाजवळ येताच काठीचे टोक हळूच उचलायचे. भक्ष्य निसटते आहे असे वाटून मासा झडप घालतो. नेदरएव्हनचेच ऑलिव्हर काइट यांनी पुढे तार गुंडाळलेल्या नुसत्या गळानेही मासे धरून दाखविले.

लेखन व मृत्यू
‘कीपर ऑफ द स्ट्रीम’ (१९५२) व ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ (१९५८) ही त्यांची पुस्तके प्रसिद्ध आहेत. ग्रेलिंग माशासाठी रफूच्या लोकरीपासून केलेला ‘किलर बग’ हीदेखील त्यांचीच निर्मिती. १९८० साली एव्हनच्या काठावरच त्यांचे निधन झाले.