दीनांचा कैवारी

इ. स. १४९३ च्या वसंत ऋतूत स्पेन देशातील सेव्हिल नगरीत लोकांची एकच गर्दी लोटली होती. अटलांटिक महासागर ओलांडून सुखरूप परतलेला दर्यावर्दी कोलंबस त्या नगरीत आला होता. पलीकडच्या बेटांवरून त्याने हिरवे पोपट आणि सोन्याच्या वस्तू आणल्या होत्या. त्याखेरीज त्या बेटांवरील सात माणसेही त्याने आपल्याबरोबर आणली होती. कोलंबस हिंदुस्थानचा जलमार्ग शोधण्यास निघाला होता व आपण हिंदुस्थानच्या जवळपास पोचलो, अशी त्याची समजूत झाली होती. म्हणून तेथील लोकांना त्याने इंडियन हे नाव दिले. ही परकी माणसे पाहणाऱ्या जनसमुदायात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव बार्तोलोमे दे लास कासास.

बार्तोलोमेचा जन्म इ. स. १४८४ मध्ये सेव्हिल येथे झाला. त्याचे वडील पेद्रो हे व्यापारी होते. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत तेही सामील झाले. परत येताना त्यांनी आपल्या मुलाच्या सेवेसाठी एक इंडियन तरुण आणला. पुढे राणी इसाबेला हिने अशा लोकांना मायदेशी परत पाठविण्याची आज्ञा केली व त्या तरुणाची बार्तोलोमेच्या घरून रवानगी झाली.

इ. स. १५०२ मध्ये बार्तोलोमे स्वतः हिस्पॅनिओला बेटावर गेला. आज ज्या बेटावर हैती व डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत, तेच हे बेट. तेथे टाइनो नावाचे लोक राहत असत. कसावा व रताळी पिकवावीत, मासे धरावेत, झाडाच्या खोडाच्या होड्या कोरून समुद्रात विहार करावा, असे त्यांचे जीवन होते. स्पॅनिश लोक तेथे आले ते सोन्याच्या लोभाने. नदीची वाळू धुऊन सोने काढण्याचे कष्ट मात्र त्यांना स्वतः करावयाचे नव्हते. त्यासाठी त्यांनी एक पद्धत रूढ केली. प्रत्येक स्पॅनिश वसाहतवाल्याच्या स्वाधीन काही इंडियन करण्यात येत. त्याने त्यांचे रक्षण करावे, त्यांना धर्म शिकवावा व त्याबद्दल त्यांच्याकडून काम घ्यावे, असे कागदावर लिहिलेले असे. प्रत्यक्षात ती निव्वळ वेठ होती. पुरुषांना महिनोन् महिने खाणींवर नेत. मागे शेते ओस पडत आणि बायकामुले उपाशी मरत. युरोपातून आलेल्या रोगांनी तर कहर केला. इ. स. १५१४ मध्ये हिस्पॅनिओलाच्या इंडियनांची वाटणी झाली, तेव्हा तेथे तीस हजार माणसेही उरली नव्हती.

बार्तोलोमेलाही जमीन व वेठीची माणसे मिळाली होती. पुढे तो धर्मोपदेशक झाला. तरीही त्याने ती माणसे सोडली नाहीत. इ. स. १५११ च्या डिसेंबरमध्ये सान्तो डोमिंगोच्या चर्चमध्ये मोन्तेसिनोस नावाच्या संन्याशाने वसाहतवाल्यांना खडसावून विचारले, की तुम्ही कोणत्या अधिकाराने या लोकांना दास केले? ही माणसे नव्हेत काय? या प्रवचनाने श्रोते संतापले. मोन्तेसिनोस ज्या डोमिनिकन संघाचा होता, त्याच संघाच्या एका संन्याशाने पुढे बार्तोलोमेचे पापनिवेदन ऐकण्यास नकार दिला. वेठीची माणसे बाळगणाऱ्याला क्षमा नाही, असे त्याने बजावले. बार्तोलोमेने त्याच्याशी वाद घातला, पण आपली रीत बदलली नाही.

त्यानंतर क्यूबा बेट जिंकण्यासाठी निघालेल्या सैन्याबरोबर तो धर्मोपदेशक म्हणून गेला. काओनाओ या गावी लोकांनी मासे व भाकऱ्या पुढे ठेवून सैन्याचे स्वागत केले. ते निःशस्त्र लोक स्पॅनिश घोड्यांकडे कुतूहलाने पाहत बसले असता एका सैनिकाने अकस्मात तरवार उपसली. पाहता पाहता इतरांच्याही तरवारी बाहेर पडल्या आणि निरपराध माणसांची कत्तल सुरू झाली. बार्तोलोमे त्यांना वाचविण्यासाठी धावला. परंतु त्याचे ऐकतो कोण? ते दृश्य तो जन्मभर विसरला नाही. असे असूनही त्याच क्यूबामध्ये त्याने पुन्हा जमीन व वेठीची माणसे स्वीकारली. आपण त्यांना मारीत नाही, मग यात आपला दोष कोणता, असे त्याला वाटत होते.

इ. स. १५१४ मध्ये एका सणाच्या प्रवचनाची तयारी करताना त्याच्या दृष्टीस एक धर्मवचन पडले. दीनांच्या तोंडचा घास हिरावून केलेले दान देवाला रुचत नाही, अशा आशयाचे ते वचन होते. बार्तोलोमे विचारात पडला. आपल्या घरातील प्रत्येक दाणा कोणाच्या घामाचा आहे? मारणारा हात जसा दोषी, तसा त्या वेठीवर जगणारा हातही दोषी नव्हे काय? कित्येक दिवस त्याने मनाशी झगडा केला. अखेर तो क्यूबाच्या सुभेदाराकडे गेला आणि आपली सर्व माणसे त्याने सोडून दिली. त्यानंतर १५ ऑगस्ट रोजी त्याने चर्चमध्ये उभे राहून वेठीच्या पद्धतीचा उघड धिक्कार केला. आधी स्वतःचे घर धुऊन काढल्यावरच त्याने दुसऱ्यास उपदेश केला. त्या वेळी त्याचे वय तीस वर्षांचे होते.

येथून लास कासास यांच्या आयुष्याचा दुसरा खंड सुरू झाला व तो पन्नास वर्षे चालला. ते स्पेनला गेले व त्यांनी राजा फर्डिनांड यांच्यापुढे इंडियनांची कैफियत मांडली. राजाच्या मृत्यूनंतर, इ. स. १५१६ मध्ये, त्यांना इंडियनांचे संरक्षक हे पद मिळाले. परंतु याच काळात त्यांच्या हातून एक मोठी चूक घडली. इंडियनांची सुटका व्हावी म्हणून आफ्रिकेतील गुलाम आणावेत, असे त्यांनी सुचविले. एकाचे जोखड काढून ते दुसऱ्याच्या मानेवर ठेवणे हा न्याय नव्हे, हे त्यांना पुढे कळून चुकले. त्यांनी आपली चूक झाकली नाही. आपल्या इतिहासग्रंथात तिची स्पष्ट कबुली देऊन पश्चात्ताप व्यक्त केला.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर शांततेची वसाहत उभारण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. तेव्हा ते डोमिनिकन संघात संन्यासी म्हणून दाखल झाले आणि काही वर्षे त्यांनी अध्ययनात घालविली. पुढे ग्वाटेमालात असताना त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. तेथील एका डोंगराळ मुलखात स्पॅनिश सैन्याचे काही चालत नसे. म्हणून तो युद्धभूमी या नावाने ओळखला जाई. पाच वर्षे एकाही स्पॅनिश वसाहतवाल्याने तेथे पाऊल टाकू नये, असे वचन लास कासास यांनी इ. स. १५३७ मध्ये सुभेदाराकडून लिहून घेतले. मग त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी तेथील लोकांच्या भाषेतून, केवळ समजुतीच्या मार्गाने, त्यांचा विश्वास मिळविला. त्या मुलखाला पुढे वेरापाझ, म्हणजे खरी शांती, हे नाव पडले व आजही ते प्रचलित आहे.

लास कासास यांच्या खटपटीला इ. स. १५४२ मध्ये मोठे यश आले. सम्राट पाचवा चार्ल्स याने नवे कायदे जारी केले. इंडियनांना गुलाम करण्यास त्यांनी बंदी घातली आणि वेठीची माणसे वारसाहक्काने मुलांकडे जाऊ नयेत, असे ठरविले. वसाहतवाले खवळून उठले. पेरूमध्ये तर बंड होऊन राजप्रतिनिधीच मारला गेला. अखेर वारसाहक्काविषयीचे कलम सम्राटाने मागे घेतले. लास कासास त्या वेळी मेक्सिकोतील चियापास येथे बिशप होते. वेठीची माणसे मुक्त न करणाऱ्यांना त्यांनी पापक्षमा नाकारली, तेव्हा लोक त्यांच्या जिवावर उठले. इ. स. १५४७ मध्ये ते स्पेनला परतले, ते कायमचेच.

पण ते स्वस्थ बसले नाहीत. इंडियन हे जन्मतःच दास होण्याच्या योग्यतेचे आहेत, असे सेपुल्वेदा नावाचा विद्वान प्रतिपादन करीत होता. इ. स. १५५० मध्ये सम्राटाने वायादोलिद येथे पंडितांची सभा भरविली. सहासष्ट वर्षांचे लास कासास सतत पाच दिवस आपले लेखी उत्तर वाचीत होते. जगातील सर्व माणसांना बुद्धी आहे, म्हणून मानवजात एकच आहे, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. पंडितांनी एकमुखाने निकाल दिला नाही. तथापि आपल्या विजयाचा न्याय-अन्याय एका साम्राज्याने भर सभेत तोलून पाहावा, ही गोष्ट लहान नव्हती.

इ. स. १५५२ मध्ये त्यांनी स्पॅनिश लोकांच्या अत्याचारांचा वृत्तान्त छापून प्रसिद्ध केला. त्यातील मृतांचे काही आकडे फुगलेले आहेत, असे इतिहासकार मानतात. परंतु अत्याचार घडले होते, याविषयी दुमत नाही. स्वदेशाचा शत्रू असा ठपका त्यांच्यावर आला, तो त्यांनी सोसला. त्यांचा इंडीजचा इतिहास हा विशाल ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. आपल्यामागे चाळीस वर्षे तो प्रसिद्ध करू नये, अशी त्यांचीच इच्छा होती. प्रत्यक्षात तो तीनशेहून अधिक वर्षांनी, इ. स. १८७५ मध्ये, छापला जाऊ लागला. कोलंबसाच्या पहिल्या सफरीची मूळ रोजनिशी हरवली आहे. लास कासास यांनी करून ठेवलेल्या तिच्या सारांशामुळेच ती आज जगाला ठाऊक आहे.

१८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे लास कासास यांचे निधन झाले. वेठीची पद्धत त्यांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाली नाही. परंतु ज्यांची बाजू ऐकण्यास कोणी तयार नव्हते, त्यांची बाजू त्यांनी राजसभेत आणि ग्रंथांत कायमची नोंदवून ठेवली. चियापासमधील ज्या नगरातून त्यांना एके काळी निघून जावे लागले, ते नगर आज सान क्रिस्तोबाल दे लास कासास या नावाने त्यांचे स्मरण करीत आहे.