वैमानिकाच्या आसनावरून : जे. आर. डी. टाटा

‘मी कोण होणार’ हा निबंधाचा विषय दिला की वर्गातील दोन-तीन मुले तरी वैमानिक होतात, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे. झकपक पोशाख, परदेशप्रवास आणि भरघोस पगार यांचे वर्णन त्या निबंधांत पुष्कळ असते. परंतु अपरात्री झोप आवरून काळोखात विमान हाकणारा माणूस आम्हांस अद्याप एकाही वहीत भेटला नाही. म्हणूनच ज्यांनी हे काम स्वतः केले, आणि पुढे शेकडो वैमानिकांचे धनी झाल्यावरही त्याचे मोल ज्यांना ठाऊक होते, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे चरित्र यंदाच्या अंकासाठी आम्ही निवडले.

जे. आर. डी. यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या समुद्रकाठी त्यांचे सुटीतले घर होते आणि विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ यांचे घर तेथून जवळच होते. वाळूवर उतरणारी विमाने पाहून मुलाच्या मनात जे बी पडले ते पडलेच. पंधराव्या वर्षी तो प्रथम विमानात बसला. पण स्वतः विमान चालविण्यास मात्र पंचविशीची वाट पाहावी लागली. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक परवाना टाटांच्या हाती पडला.

पुढच्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्याने विमान नेण्याची स्पर्धा ठेवली. जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनिअर तेथे स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचा प्लग त्यांना देऊन टाकला आणि अखेरीस काही तासांच्या अंतराने स्पर्धा गमावली. हेच इंजिनिअर 1960 मध्ये भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाने 1929 मध्ये टपालाच्या विमानसेवेची योजना टाटांपुढे मांडली. सरकारी मान्यता मिळण्यात तीन वर्षे गेली. शेवटी 15 ऑक्टोबर 1932 रोजी भल्या पहाटे जे. आर. डी. यांनी एका इंजिनाचे इवलेसे पस मॉथ विमान कराचीहून उडविले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे विमानात रिते केले गेले आणि दुपारी दोनच्या आत ते मुंबईस जुहूला उतरले. पुढचा बल्लारी-मद्रासचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पार पाडला.

त्या काळी वैमानिकाची चाकरी कशी असे, हे येथे जरा सविस्तर सांगावयास हवे. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. वाट दाखवावयास खालचे रूळ, नद्या आणि किनाऱ्याची रेघ. जुहूचे विमानतळ म्हणजे समुद्रकाठचे चिखलाचे मैदान व झावळ्यांनी शाकारलेली एक खोपटी. आम्ही मूळचे किनाऱ्यावरचे, मायबोली कोंकणी. आषाढातला समुद्र काय करतो ते आम्हांस सांगावयास नको. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई आणि सारा कारभार पुण्याला येरवड्यास हलवावा लागे. असे असूनही 1933 या वर्षी टाटांच्या विमानांनी सुमारे 1,60,000 मैल प्रवास केला, आणि टपाल एकदाही उशिरा पोचले नाही. या वक्तशीरपणाची कीर्ती सर्वांनी ऐकली आहे. तो राखताना मूठभर वैमानिकांची पाठ किती दुखली असेल, याची नोंद कोणत्याही अहवालात होत नसते. धनी स्वतः त्या आसनावर बसून आलेला होता, हाच काय तो त्यांचा दिलासा.

महायुद्ध संपले आणि देशात विमान कंपन्यांचे पेव फुटले. सैन्याने मोडीत काढलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळत होती. टाटांची कंपनी तोवर एअर-इंडिया झाली होती. 8 जून 1948 रोजी तिच्या नव्या शाखेचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. अशा वेळी दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या विमान-टपालाची कल्पना काढली, आणि येथे ही कथा आपल्या अंगणात येते. 30 जानेवारी 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री एकेक विमान निघू लागले. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपुरास सोनेगावच्या तळावर जमत, टपालाच्या थैल्या व उतारू यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतत. आपल्या पांढुर्ण्याहून हे ठिकाण शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. दिल्लीचे विमान सौंसरच्या बाजूच्या आकाशातूनच खाली येत असणार.

जे. आर. डी. यांनी या योजनेस विरोध केला. रात्रीच्या उड्डाणास लागणाऱ्या सोयी देशात पुरेशा नाहीत व हा व्यवहार किफायतीचाही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. किडवाई ढळले नाहीत. हे काम घेणाऱ्या कंपन्या पहिल्या वर्षातच बदलत गेल्या, तरी सेवा मात्र टिकली आणि लोकांना ती अतिशय आवडली. जादा तिकीट न लावता पत्र विमानाने जाऊ लागले, ही काही लहान गोष्ट नव्हती. तेव्हा टाटांचा अंदाज चुकला, असे म्हणावयास जागा आहे. परंतु 12 डिसेंबर 1953 रोजी पहाटे मद्रासचे टपाल घेऊन सोनेगावहून उडालेले डाकोटा विमान इंजिन बिघडून लगेच कोसळले. तेरा जीव गेले; त्यांत वैमानिकाचे सहकारीही होते. वैमानिक तेवढा वाचला. या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत कशा घालाव्यात, हे आम्हांस कळत नाही.

दरम्यान कंपन्यांची आर्थिक घडी विसकटली होती. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने 1950 मध्ये कंपन्या अधिक व धंदा अपुरा, असा निर्वाळा दिला. 1 ऑगस्ट 1953 रोजी सरकारने सर्वच कंपन्या ताब्यात घेतल्या. देशांतर्गत सेवेच्या आठ कंपन्यांचे मिळून एक महामंडळ झाले. आठ घरची माणसे, आठ तऱ्हेचे पगार. मग ज्येष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण? विमानात डावीकडचे आसन प्रमुखाचे आणि उजवीकडचे सहवैमानिकाचे. तेथून येथे सरकावयाचे तर उड्डाणाचे तास भरावे लागतात, परीक्षा द्याव्या लागतात आणि शिवाय यादीत नाव वर असावे लागते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत चार प्रदेशांचे नोकर एकत्र आले, तेव्हाच्या ज्येष्ठतेच्या याद्यांचे घोळ आपल्या भागातील जुन्या शिक्षकांच्या घरी आजही निघतात. त्यावरून याची कल्पना यावी.

परदेशी सेवेचे अध्यक्षपद सरकारने जे. आर. डी. यांनाच दिले आणि त्यांनी ते पंचवीस वर्षे बिनपगारी सांभाळले. प्रत्येक प्रवासात ते टाचणे काढीत : पडदा मळका आहे, चहाचा रंग बरोबर नाही, उतरताना विमान दणकले. ही बारीक नजर कोणाकोणाला जाचलीही असेल. पण विमान दणकले असे अध्यक्ष लिहितो तेव्हा तो उतारूसारखा लिहीत नाही, हे प्रत्येक वैमानिक जाणून होता.

फेब्रुवारी 1978 मध्ये त्यांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. सरकारचे पत्र हाती येण्याआधीच ही बातमी त्यांना इतरांकडून कळली. सेवकाला कसे वागवू नये याचा धडा त्या सेवकाच्याच वाट्यास आला, याचा आम्हांस आजही विषाद वाटतो.

वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न त्यांच्या पश्चातही राहिला. 2024 च्या जानेवारीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तास करण्याचे ठरविले आणि रात्रीच्या कामावर अधिक बंधने घातली. ती अंमलात येण्यास मात्र पुढच्या वर्षाचा उत्तरार्ध उजाडला.

15 ऑक्टोबर 1982 रोजी पहिल्या टपालाला पन्नास वर्षे झाली. जे. आर. डी. तेव्हा 78 वर्षांचे होते. जुन्या धाटणीचे लेपर्ड मॉथ विमान घेऊन ते पुन्हा कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या त्याच तळावर उतरले. 1992 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले व पॅरिसमध्ये त्यांचे दफन झाले. एअर-इंडिया पुन्हा टाटांच्या घरी आली ती 27 जानेवारी 2022 रोजी.