गुहेचं छप्पर कोण धरून ठेवतं? कार्ल टेरझागी यांची गोष्ट

एक प्रश्न विचारतो. जमिनीखाली शेकडो मीटरवर एक मोठी पोकळी आहे. वर खडकाचं प्रचंड ओझं, आत एकही खांब नाही. मग छप्पर कोसळत का नाही?

मिठाच्या गुहांबद्दल वाचताना मला हा प्रश्न पडला. बोअरमधून पाणी सोडून खोलवरचं मीठ विरघळवतात आणि खारं पाणी वर काढून घेतात. खाली पोकळी उरते. अमेरिकेत मिशिगनमधल्या मेरीजव्हिलला १९६१ मध्ये अशाच एका वापरातून गेलेल्या पोकळीत नैसर्गिक वायू साठवायला सुरुवात झाली. हिवाळ्यासाठीची पॉवर बँकच म्हणा ना!

उत्तर शोधता शोधता मी पोहोचलो कार्ल टेरझागी यांच्यापाशी. त्यांना मृदा-यांत्रिकीचे, म्हणजे मातीच्या ताकदीचा हिशोब मांडणाऱ्या शास्त्राचे जनक मानतात.

सिगारचे डबे आणि चिखल

टेरझागींचा जन्म १८८३ चा, प्रागमधला. ग्राझला ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि बांधकामांवर काम करू लागले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. पोलाद किती भार घेईल हे कागदावर काढता येत होतं, पण पायाखालच्या मातीचा हिशोब कुणालाच नीट जमत नव्हता.

१९१६ मध्ये ते शिकवायला इस्तंबूलला गेले. महायुद्धानंतर तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात, सिगारचे डबे आणि टाकाऊ सामान जमवून त्यांनी प्रयोग सुरू केले. त्यातून मोठी गोष्ट हाती लागली. ओल्या मातीवरचं ओझं मातीचे कण आणि त्यांच्यामधलं पाणी मिळून उचलतात. पाणी निघून गेलं की तोच भार कणांवर येतो आणि जमीन खचते. म्हणजे ओझं नाहीसं होत नाही, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जातं. १९२५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि नवं शास्त्र उभं राहिलं.

पेटीच्या तळाची झडप

आता छपराकडे येऊ. १९३६ मध्ये त्यांनी एका साध्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. पेटीत वाळू भरायची, तळाला एक झडप ठेवायची आणि ती किंचित खाली सरकवायची. झडपेवरचं ओझं झपकन कमी होतं! कारण वरची वाळू आपला भार बाजूच्या वाळूवर टाकते, कमानीसारखा. बोगद्याचं छप्परही बरंचसं असंच टिकतं.

१९३८ मध्ये ते व्हिएन्ना सोडून अमेरिकेत हार्वर्डला गेले. १९४६ मध्ये त्यांनी बोगद्यांसाठी खडकांचे प्रकार पाडून, कुठल्या खडकात आधारावर किती भार येईल याचे अंदाज दिले. १९५२ मध्ये रिचर्ट यांच्यासोबत त्यांनी खडकातल्या पोकळ्यांभोवतीचा ताण मांडला. त्यात पोकळीच्या आकाराला फार महत्त्व आहे.

मिठाची गंमत

मिठाच्या गुहेला हे सगळं लागू होतं. घुमटासारखं छप्पर भार बाजूला नीट पोहोचवतं. रुंद, सपाट छप्पर मात्र मध्ये ताणलं जातं आणि त्याचे थर सुटून पडू शकतात. फक्त मीठ काढायला केलेल्या जुन्या पोकळ्यांमध्ये हा धोका जास्त, कारण तेव्हा छपराचा विचार साठवणीच्या हिशोबाने झालेलाच नसतो.

शिवाय खोलवरचं मीठ दाबाखाली हळूहळू वाहतं. आतला वायू भिंतींना आणि छपराला आतून रेटा देतो. वायू काढला की तो आधार कमी होतो आणि भार मिठावर जातो. मिसिसिपीतल्या एमिनन्सच्या गुहेत हे दिसलं. १९७० मध्ये वापरात आलेल्या या खोल गुहेतला दाब बराच खाली नेला गेला, आणि पहिल्या दोनेक वर्षांतच तिची सुमारे ४० टक्के जागा मीठ सरकल्याने गेली.

म्हणून अशा गुहा कधीच पूर्ण रिकाम्या करत नाहीत. थोडा वायू कायम आत ठेवतात. दाब फार वाढवतही नाहीत, नाहीतर मिठाला भेगा पडतील. शिवाय सोनारने अधूनमधून गुहेचा आकार तपासतात.

मोजत राहा

टेरझागींची कामाची पद्धतही हीच होती : अंदाज बांधा, काम सुरू करा, मोजत राहा आणि मोजमाप वेगळं सांगू लागलं तर आराखडा बदला. १९६३ मध्ये ते वारले. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधल्या अवघड, मऊ जमिनीवर त्यांनी बांधून घेतलेल्या मिशन धरणाला १९६५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

इंग्लंडमध्ये टीसाइडला मिठाच्या गुहांत हायड्रोजनही साठवतात, आणि पुढे अशा बातम्या वाढतील. तेव्हा किती वायू मावतो एवढंच बघू नका. छप्पर किती जाड आहे, किती रुंद आहे आणि दाब किती खाली नेणार, हेही विचारा.