फौजदारकीची हौस

दासगणू महाराजांचा 'गजानन विजय' ग्रंथ आपल्या कितीतरी घरांत पारायणाला असतो. हे महाराज मूळचे पोलीस शिपाई! गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे, जन्म १८६८, नगरजवळच्या अकोळनेरचा. लावण्या रचायचा नाद आणि मनात एकच ध्यास, फौजदार व्हायचं.

नानासाहेब चांदोरकरांबरोबर ते शिर्डीस गेले. ज्यांना आपण दत्तस्वरूप मानतो त्या साईबाबांनी त्यांना नोकरी सोडायला सांगितलं. गणपतराव हो म्हणत आणि बढतीची वाट बघत. बँकेत नोकरी केल्यामुळे बढतीच्या यादीत आपलं नाव शोधणारे चेहरे मला चांगलेच ठाऊक आहेत. याच हौसेपायी कान्हा भिल्ल या दरोडेखोराच्या मागावर ते रामदासी वेषात राहिले, ते थेट जिवावर बेतलं. वाचलो तर नोकरी सोडीन, असा नवस केला. वाचले, आणि नवस तसाच राहिला. पुढे सरकारी भरण्यातली रक्कम दुसऱ्यानंच खाल्ली, ठपका यांच्यावर. हिशेबातला डाग काय असतो ते आम्हा कॅशवाल्यांना विचारा. त्यातून सुटले तेव्हा कुठे राजीनामा दिला.

वर्दी गेली, तरी नटणं राहिलंच होतं. एकदा शिर्डीत कीर्तनाआधी लांब कोट, उपरणं, फेटा असा थाट करून ते बाबांच्या पाया पडायला गेले. नवरदेवासारखे सजून कुठे निघालात, असं विचारून बाबांनी ते सगळं उतरवायला लावलं. पुढे कायम दासगणू कीर्तनाला उघड्या अंगानं उभे राहत, हातात चिपळ्या, गळ्यात हार. बिदागी घेत नसत. १९६२ साली त्यांनी पंढरपुरात देह ठेवला.