फ्रेंच क्रियापदांचा साक्षीदार : क्लोद फाव्र द व्होझला

फ्रान्समध्ये एखाद्याच्या निर्दोष भाषेची वाखाणणी करायची असेल, तर तो व्होझला बोलतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. एका माणसाचे नाव शुद्ध भाषेचे पर्यायी नाव होऊन बसावे, हा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. परंतु ज्यांच्या वाट्याला तो आला, ते क्लोद फाव्र द व्होझला जन्माने फ्रेंच नव्हते. त्यांनी कोणत्याही विद्यापीठात व्याकरण शिकविले नाही. त्यांचा अंत झाला तेव्हा भाषेच्या या धनिकाच्या दारात सावकार उभे होते.

व्होझला यांचा जन्म ६ जानेवारी १५८५ रोजी ब्रेस प्रांतातील मेक्सिम्यू या गावी झाला. हा प्रांत तेव्हा सावॉयच्या ड्यूकच्या अमलाखाली होता. तो फ्रान्सला मिळाला १६०१ मध्ये. वडील आंत्वान फाव्र हे नामांकित कायदेपंडित. पुढे ते शांबेरी येथील सावॉयच्या सर्वोच्च न्यायसभेचे अध्यक्ष झाले. आन्सी गावात त्यांनी आपले स्नेही, बिशप फ्रान्स्वा द साल यांच्यासह एक विद्वत्सभा स्थापन केली होती. घरात ग्रंथ होते, विद्वानांची ये-जा होती आणि भाषेविषयीची आस्था बाळपणापासून कानावर पडत होती.

तरुणपणी व्होझला पॅरिसला आले आणि राजदरबारात वावरू लागले. राजा तेराव्या लुईचा धाकटा भाऊ, ऑर्लेआंचा ड्यूक गास्तों याच्या पदरी त्यांना जागा मिळाली. नोकरी प्रतिष्ठेची होती, पण धनी बेभरवशाचा. गास्तों राजाविरुद्ध आणि मंत्री रीशल्य याच्याविरुद्ध वारंवार कट करी, फसला की देश सोडून पळे. व्होझला निष्ठेने त्याच्या मागे जात राहिले. त्या निष्ठेची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून मोजली. कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि राजाकडून मिळणारे दोन हजार लिव्हरचे वर्षासनही बंद पडले.

या धकाधकीत त्यांचा एक छंद मात्र अखंड चालू होता. तो म्हणजे ऐकण्याचा. दरबारात, मार्कीझ द राम्बुइये यांच्या प्रसिद्ध दिवाणखान्यात, सरदार आणि सुशिक्षित स्त्रिया बोलत असत आणि व्होझला मनातल्या मनात नोंद करीत. कोणता शब्द रूढ झाला, कोणता मागे पडला, क्रियापदाचे कोणते रूप कानाला खटकते, याची टिपणे त्यांनी तीस-पस्तीस वर्षे जमविली.

त्या काळात ही टिपणे म्हणजे निव्वळ हौस नव्हती. फ्रेंच भाषा तेव्हा घडत होती. एकाच क्रियापदाची दोन-दोन, तीन-तीन रूपे लोकांच्या तोंडी होती. जगणे या क्रियापदाचा भूतकाळ 'व्हेकी' असा करावा की 'व्हेक्यू', येणे या क्रियापदाचे अनेकवचन कसे करावे, घेणे या क्रियापदात मध्ये अनुनासिक ठेवावे की नाही, यावर जाणत्यांतही एकमत नव्हते. आणि भूतकाळाचे रूप ठरल्याशिवाय आणखी एक रूप ठरत नव्हते. ते म्हणजे अपूर्ण भूतकाळी सब्जंक्टिव्ह.

हे प्रकरण थोडे समजून घेण्यासारखे आहे. मराठीत आपण, त्याने यावे अशी माझी इच्छा आहे, असे म्हणतो. आणि कालची गोष्ट सांगताना, त्याने यावे अशी माझी इच्छा होती, असे म्हणतो. आहेचे होती झाले, परंतु यावे हे रूप तसेच राहिले. अभिजात फ्रेंचमध्ये मात्र मुख्य वाक्य भूतकाळात गेले, की गौण वाक्यातील यावे यालाही भूतकाळाचा पोशाख चढवावा लागतो. आज इच्छा आहे तेव्हा 'व्हिएन', काल इच्छा होती तेव्हा 'व्हँ'. इच्छा, भीती, शंका, आज्ञा, आवश्यकता अशा सर्व ठिकाणी हा नियम लागू होता.

रूप बनविण्याची रीत मोठी नीटस आहे. साध्या भूतकाळातील द्वितीयपुरुषी एकवचन घ्यावयाचे आणि त्याच्या लेखी रूपाला 'से' ही अक्षरे जोडावयाची, की प्रथमपुरुषाचे रूप तयार होते. तू प्रेम केलेस यासाठी 'एमा', त्यावरून 'एमास'; तू होतास यासाठी 'फ्यू', त्यावरून 'फ्यूस'. केवळ तृतीयपुरुषी एकवचन वेगळे. तेथे शेवटी 'त' हे अक्षर लिहितात आणि आधीच्या स्वरावर टोपीसारखे एक चिन्ह येते. उच्चारात या 'त'चा मागमूस नसतो. त्यामुळे तो आला आणि त्याने यावे ही दोन्ही रूपे कानाला एकच वाटतात. फरक केवळ कागदावरील त्या टोपीचा. व्होझला यांच्या काळी ही टोपीही नव्हती. तिच्या जागी न उच्चारला जाणारा 'स' लिहीत. तो जाऊन टोपी सर्रास आली ती अकादमीच्या कोशाच्या १७४० च्या आवृत्तीत.

सारांश, सब्जंक्टिव्हची ही इमारत साध्या भूतकाळाच्या पायावर उभी होती. भूतकाळाच्या रूपांचा गोंधळ निस्तरणाऱ्या व्होझला यांनी नकळत हा पायाही पक्का केला.

१६३५ मध्ये फ्रेंच अकादमीला राजाची सनद मिळाली. व्होझला तिच्या पहिल्या सदस्यांपैकी एक होते. अकादमीने शब्दकोशाचे काम हाती घेतले, पण ते पुढे सरकेना. अखेर ते व्होझला यांच्याकडे सोपविण्यात आले आणि त्यासाठी रीशल्यने त्यांचे बंद पडलेले वर्षासन पुन्हा सुरू केले. या भेटीची एक आख्यायिका सांगितली जाते. वर्षासन हा शब्द कोशात विसरणार नाही ना, असे मंत्र्याने थट्टेने विचारले. त्यावर व्होझला यांनी, तो तर नाहीच आणि कृतज्ञता हा शब्द त्याहून नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले.

१६४७ मध्ये त्यांची टिपणे 'फ्रेंच भाषेविषयी टिप्पणी' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाली. ग्रंथाची मांडणी पाठ्यपुस्तकासारखी नाही. शेकडो छोटी टिपणे कोणत्याही क्रमाविना एकामागून एक येतात. परंतु त्यामागचा सिद्धांत स्पष्ट आहे. भाषेचा स्वामी वैयाकरण नाही, रूढी आहे. ही रूढी म्हणजे दरबारातील जाणत्या मंडळींचे बोलणे आणि त्याला जोड त्या काळातील चांगल्या लेखकांच्या लेखनाची. शंका आली तर ग्रीक-लॅटिन न शिकलेल्या स्त्रियांना विचारावे, असेही त्यांनी सुचविले. आपण न्यायाधीश नसून केवळ साक्षीदार आहोत, ही त्यांची भूमिका होती.

या भूमिकेची मर्यादा उघड आहे. पॅरिसच्या दरबारापलीकडे शेतकरी होते, कारागीर होते, प्रांतोप्रांतीच्या बोली होत्या. त्यांना या साक्षीत स्थान नव्हते. स्वतः सावॉयच्या सीमेवरून आलेल्या माणसाने राजधानीची बोली प्रमाण मानावी, यात परक्याची सावध नजरही असेल. टीकाही झाली. ला मोत ल व्हाये या विचारवंताने त्याच वर्षी त्यांच्या अतिसूक्ष्म चिकित्सेवर आक्षेप घेतले. तरीही ग्रंथाचा प्रभाव वाढतच गेला. नाटककार कॉर्नेयने आपल्या नाटकांच्या १६६० च्या आवृत्तीत त्यानुसार भाषा सुधारून घेतली. रासीनने व्होझलांच्या लेखनाचा बारकाईने अभ्यास केला. मोलियेरने १६७२ च्या एका विनोदी नाटकात तर व्होझलांचे नियम मोडल्याबद्दल स्वयंपाकघरातील मोलकरणीला कामावरून काढून टाकणारी मालकीण रंगविली. थट्टा होण्याइतके ते नाव घराघरात पोचले होते.

त्यांच्या काटेकोरपणाची झळ त्यांना स्वतःलाही बसली. अलेक्झांडरच्या चरित्रावरील क्विंटस कर्शियसच्या लॅटिन ग्रंथाचा अनुवाद ते तीस वर्षे करीत होते. द'आब्लांकूरचा एक सरस अनुवाद हाती पडताच त्यांनी आपले काम पुन्हा मुळापासून सुरू केले. हा अनुवाद १६५३ मध्ये छापला गेला, तो पाहण्यास ते हयात नव्हते.

उतारवयात पोटासाठी त्यांनी सावॉय राजघराण्याच्या कारिन्यां शाखेतील मुलांच्या शिक्षकाची नोकरी पत्करली. त्या मुलांपैकी राजपुत्र एमान्युएल फिलिबेर हा जन्मतः बहिरा होता. फ्रान्सला कसे बोलावे हे सांगणाऱ्या माणसाच्या नशिबी असा विद्यार्थी यावा, हा योग समकालीनांच्याही नजरेतून सुटला नाही.

फेब्रुवारी १६५० मध्ये पॅरिस येथे व्होझला यांचे निधन झाले. सावकारांनी त्यांची चीजवस्तू जप्त केली. त्यात शब्दकोशाच्या हस्तलिखित वह्याही होत्या. अकरा वर्षांचे श्रम कर्जफेडीच्या ढिगाऱ्यात जाऊन पडले. अखेर अकादमीला न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि १६५१ मध्ये त्या वह्या परत मिळाल्या. त्या वेळी निकाल विरुद्ध गेला असता, तर फ्रेंच कोशाचे काम कितीतरी वर्षे मागे पडले असते.

पुढे काळाने व्होझलांच्याच सिद्धांताचा प्रत्यय दिला. बोलण्यातून साधा भूतकाळ मागे पडला आणि त्याच्या पायावर उभा असलेला अपूर्ण भूतकाळी सब्जंक्टिव्हही ढासळला. त्याची लांबलचक रूपे कानाला विचित्र, काही तर हास्यास्पद वाटू लागली. शिक्षण खात्याने १९०१ मध्ये काही वाक्यांत आणि १९७६ मध्ये अधिक व्यापकपणे त्याऐवजी वर्तमानकाळी रूप वापरण्यास परीक्षेत मुभा दिली. आज ते रूप साहित्यात भेटते, बहुधा टोपी घातलेल्या तृतीयपुरुषात. शुद्धतेचे अभिमानी या ऱ्हासाविरुद्ध व्होझलांचे नाव घेतात खरे. पण रूढीलाच स्वामी मानणाऱ्या साक्षीदाराने या बदलाची नोंद मुकाट्याने आपल्या वहीत केली असती, असे मानण्यास जागा आहे.

अकादमीचा शब्दकोश प्रसिद्ध झाला तो १६९४ मध्ये, व्होझला यांच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनी. त्याच्या मुखपृष्ठावर अकादमीचे नाव होते आणि अर्पण राजाला. ज्यांच्या वह्या न्यायालयातून सोडवून आणाव्या लागल्या, त्यांचे नाव तेथे नव्हते.